अळवाची डोल्मा

तासगावचा बेदाणा, दहा किलोची पेटी,
शिवोलीतल्या एका घरी पोचवायची होती.
एवढंच काम. पेटी द्यायची, पैसे घ्यायचे,
म्हापशाहून रात्रीची गाडी.

दार उघडलं नेर्मिनबाईंनी
आणि पैशांआधी माझ्या ओंजळीत ओतलं
लिंबाच्या वासाचं थंड पाणी.
मी ते प्यायलाच निघाले होते.
त्यांचा केरेम, सात-आठ वर्षांचा,
फिदीफिदी हसत तळवे चोळून दाखवू लागला.
लग्नात गुलाबपाणी शिंपडतात, तसलं काहीतरी.

"गाडी साडेनऊला आहे," मी म्हटलं.
"मिसाफिर," त्या म्हणाल्या, जणू हेच उत्तर.
मला वाटलं, मुसाफीर म्हणतायत. खरंच की,
सकाळी सांगली, आत्ता शिवोली.
केरेमनं तीन भाषा एकत्र कालवून समजावलं:
त्यांच्याकडे मिसाफिर म्हणजे पाहुणा.
शब्द तोच. आमच्याकडे तो रस्त्यावरच राहिला,
यांच्याकडे चपला काढून घरात येऊन बसला.

मग मीही बसले.

मसुराची आमटी, आमटीच ती,
फक्त वर सुका पुदिना आणि लिंबाची फोड.
भरलं वांगं, कूट नाही, तिखट नाही,
पोटात कांदा-टोमॅटो घेऊन तेलात निवांत पहुडलेलं.
पोदेराचा भोंगा वाजला तसा केरेम धावला,
गरम उंडे शर्टात गुंडाळून आणले.
ताटावर मी हात आडवा धरला, पंगतीतली जुनी युक्ती.
नेर्मिनबाईंनी तो उचलून बाजूला ठेवला,
पातेल्यावरचं झाकण ठेवावं तसा,
आणि भात वाढला.

तहसीनभाऊ शिडांच्या होड्यांचं काहीतरी करतात,
मला नीट कळलं नाही.
त्यांनी गोष्ट सांगितली मात्र झकास:
डोल्मा करायची म्हणून बाई म्हापशाच्या बाजारात गेल्या,
द्राक्षाची पानं कुठेच नाहीत,
पण ही केवढी थोरली, देखणी, हिरवीगार पानं!
दोन तास बसून भात गुंडाळला.
रात्रभर सगळं घर घसा खाजवत जागं.
सकाळी घरमालकीण फिलूबाई पोट धरधरून हसली,
"सोलां घालूंक ना गे?"

मी पण हसले. मग एकदम गप्प झाले.
आमच्या बागेत विरळणीला
कोवळ्या पानांचे भारेच्या भारे निघतात.
बांधावर टाकतो. शेळ्या खातात.
हे सांगितलं तेव्हा नेर्मिनबाईंनी डाव खाली ठेवला
आणि नवऱ्याला काहीतरी विचारलं.
मला तुर्की येत नाही.
पण "फेकतात?" असंच होतं ते.

जेवण झाल्यावर म्हणायचं वाक्य केरेमनं शिकवलं,
एलिनिझे साल्क, तुमच्या हातांना आरोग्य.
मी आमचं सांगितलं, अन्नदाता सुखी भव.
सांगता सांगताच मनात आलं,
आमचा आशीर्वाद दाण्याच्या धन्याला,
यांचा थेट हातांना.
चटके तर हातांनाच बसतात.

चहा झाला, कंबर बारीक असलेल्या पेल्यांतून, तीनदा.
रिक्षा आली.
निघाले, तर मागून भस्सकन तांब्याभर पाणी ओतलं रस्त्यावर.
माझ्या काळजात चर्र झालं.
आमच्याकडे पाणी सोडलं म्हणजे नातं संपलं.
केरेम कुंपणावरून ओरडला,
"पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये!"
तोवर मीही सवयीनं म्हणून गेले होते, "येते हं."
जाते म्हणायची आमच्यात पद्धतच नाही.

पेटीचे पैसे घ्यायचे राहिले,
हे आंबोलीचा घाट चढताना आठवलं.

विरळणीला बांधाकडची एक ओळ राखली,
तिच्यावर औषध मारू दिलं नाही.
मिठाच्या पाण्यात पानं घातली, बरणीचं तोंड बांधलं,
गोव्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी ठेवली.
बरोबर चिठ्ठी: ही खाजत नाहीत.

शेळ्या दोन दिवस
माझ्याकडे बघत नव्हत्या.